एकुलता एक मुलगा ‘फादर व्हायचं’ म्हणतोय

ठाण्याच्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. त्या माहेरच्या हिंदू, यजमान ईस्ट इंडियन (मुंबई-ठाण्याकडच्या मूळ मराठी ख्रिस्ती समाजातले) कॅथलिक. लग्न चर्चमध्ये झालं, पण ताईंनी धर्म बदलला नाही. एकुलता एक मुलगा, वय २३, बी.कॉम. झालाय, ऐरोलीला एका कंपनीत नोकरीला आहे. दिवाळीनंतर एके दिवशी त्याने जेवताना सांगून टाकलं की मला सेमिनरीत (फादर घडवणाऱ्या संस्थेत) जायचंय. तेव्हापासून वडील त्याच्याशी धड बोलत नाहीत. ताई विचारतात: किती वर्षं लागतात, तिथे शिकवतात काय, घरी येता येतं का, पगार असतो का, आमच्या म्हातारपणी कोण बघणार, आणि रविवारची मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) सोडली तर फादर आठवडाभर करतात तरी काय? शेवटी एक ओळ आहे: मी हिंदू असल्यामुळे त्याला काही अडचण येईल का?

ताई, नमस्कार. मी मुंबई महाधर्मप्रांताचा, म्हणजे मुंबईच्या आर्चबिशपांच्या अखत्यारीतल्या भागाचा, धर्मगुरू (फादर). ठाण्यात आणि खाडीपलीकडे नवी मुंबईत धर्मग्रामं (पॅरिश, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतली वस्ती) सांभाळली, मधली काही वर्षं सेमिनरीत मुलांच्या घडणीचं काम केलं. तुमच्या शेवटच्या ओळीपासून सुरुवात करतो. ती तुम्ही शेवटी लिहिली असली तरी तुम्हाला रात्री झोप न येण्याचं कारण तीच असावी, असं मला वाटलं.

अडचण येणार नाही. एके काळी आली असती. १९१७ च्या चर्चच्या कायदेसंहितेत, आई-वडील कॅथलिक नसतील तर मुलाच्या गुरुदीक्षेला (फादर होण्याच्या विधीला) अडथळा मानला जाई आणि त्यासाठी वरून सूट घ्यावी लागे. १९८३ मध्ये नवी संहिता आली, तिच्यात ते कलमच नाही. आता बघितलं जातं ते मुलाचं: त्याचा बापतिस्मा झालाय, दृढीकरण (बापतिस्म्यानंतरचा, श्रद्धा पक्की करणारा संस्कार) झालंय, तो स्वतः श्रद्धेने जगतोय. तुमच्या लग्नाच्या वेळी पॅरिश ऑफिसात बसून तुमच्या यजमानांनी एका वचनावर सही केली असेल, की मुलांना कॅथलिक म्हणून वाढवण्यासाठी मी माझ्याकडून होईल ते सगळं करीन. आणि हे वचन तुम्हालाही समजावून सांगितलं असेल. तुम्ही ते निभावू दिलंत, म्हणून तर हा प्रश्न आज तुमच्या घरात उभा आहे. पुढे खरंच गुरुदीक्षेचा दिवस आलाच, तर त्याच्यासोबत आई म्हणून तुम्ही चालाल, पहिल्या बाकावर बसाल. ख्रिस्तप्रसाद (मिस्सेतली पवित्र भाकर) तेवढा तुम्हाला घेता येणार नाही. नव्या फादरने पहिला आशीर्वाद आई-वडिलांना द्यायची आपल्याकडे रीत आहे, तो तुम्हाला मिळेल. तेव्हा कुणी तुमचा धर्म विचारत नाही.

आता वर्षं. तुमचा मुलगा पदवीधर आहे, म्हणजे साधारण आठ ते नऊ. चर्चचा कायदा किमान सहा वर्षांचा पूर्ण अभ्यास मागतो, दोन वर्षांइतकं तत्त्वज्ञान आणि चार वर्षांइतकं ईशज्ञान (थिऑलॉजी). त्याआधी एक तयारीचं वर्ष असतं. मध्ये एखादं वर्ष मुलाला पुस्तकांतून बाहेर काढून एखाद्या धर्मग्रामात किंवा संस्थेत कामाला पाठवतात. शेवटी डीकनची (धर्मगुरूच्या आधीच्या पायरीची) दीक्षा, आणि तिच्यानंतर किमान सहा महिन्यांनी गुरुदीक्षा. डीकनला वयाची अट २३, धर्मगुरूला २५. तुमच्या मुलाला ती लागूच होणार नाही, तोवर तो तिशी ओलांडून गेलेला असेल. मुंबईची सेमिनरी गोरेगावला आहे, सेंट पायस दहावे यांच्या नावाची. काही मुलं पुण्याला पेपल सेमिनरीत जातात. ती १८९३ मध्ये श्रीलंकेत कँडीला सुरू झाली आणि १९५५ मध्ये पुण्यात आली. दोन्हीकडून सुट्टीत घरी येता येतं. आईच्या हातचं खाऊन मुलं परत येतात तेव्हा दोन किलो वाढलेली असतात. त्यामुळे ‘आता तो आम्हाला दिसणारच नाही’ ही धास्ती काढून टाका.

दुसरी धास्ती बहुतेक आयांना असते आणि तुमच्या पत्रातही ती डोकावते: आत गेला की अडकला. तसं नाही. डीकन होईपर्यंत तो कधीही, कुठल्याही दिवशी बॅग भरून घरी येऊ शकतो. तुकडीत जितके शिरतात तितके कधीच दीक्षेपर्यंत पोचत नाहीत. काही स्वतः निघतात, काहींना आम्ही सांगतो, ‘बाळा, तू चांगला आहेस, पण हे तुझं काम नव्हे.’ परत आलेला मुलगा नापास झालेला नसतो. पुढे लग्न करून धर्मग्रामाच्या कामात सगळ्यांत भरवशाची म्हणावी अशी माणसं मी त्यांच्यातूनच पाहिली आहेत. शेजारपाजारचे दोन महिने कुजबुजतात, मग विसरतात. एखाद्याला गुरुदीक्षेसाठी भरीस पाडणं किंवा लायक असताना अडवणं, दोन्ही चर्चच्या कायद्यात साफ मना आहे, आणि हे आई-वडिलांनाही लागू आहे. डीकन झाल्यावर मात्र गोष्ट बदलते. मग ब्रह्मचर्याच्या बांधिलकीतून मोकळं व्हायचं तर रोमकडे अर्ज जातो आणि वेळ लागतो. म्हणून तर इतकी वर्षं घेतात.

शिकवतात काय? तत्त्वज्ञानात प्लेटो-ॲरिस्टॉटलपासून सुरुवात होते आणि शंकराचार्य, रामानुज, बौद्ध विचार हेही नीट शिकवलं जातं. तुमचा मुलगा एखाद्या सुट्टीत येऊन अद्वैतावर तुमच्याशी वाद घालायला लागला तर दचकू नका. ईशज्ञानात बायबल, नीतिशास्त्र, चर्चचा कायदा, उपासना, प्रवचन, चर्चचा इतिहास. इतिहासाच्या तासाला ठाण्याच्या मुलाला आपलंच गाव भेटतं. १३२१ मध्ये चार फ्रान्सिस्कन साधू ठाण्यात मारले गेले, त्यांतला एक थॉमस ऑफ टोलेंटिनो. पुढे ओडोरिक नावाचा त्यांचाच एक बंधू इथे आला आणि त्यांच्या अस्थी उचलून थेट चीनला घेऊन गेला. पोर्तुगीज भारतात यायच्या पावणेदोनशे वर्षं आधीची गोष्ट. तलावपाळीवरून रोज स्टेशन गाठणाऱ्या आपल्या मुलांना याचा पत्ता नसतो.

इथे थोडं विषयांतर करतो. शिक्षणाचं माध्यम इंग्रजी. ठाण्या-मुंबईची बरीच मुलं कॉन्व्हेंटमधून आलेली, घरी इंग्रजी, नाही तर कोकणी. मग दीक्षेनंतर त्यांना मराठी मिस्सेला उभं केलं की प्रवचनात ‘आपल्याला देवावर प्रेम करायला पाहिजे आहे’ असली वाक्यं ऐकावी लागतात आणि मागच्या बाकावरच्या आज्या एकमेकींकडे बघतात. मुंबई, ठाणे, रायगड असा आमचा पसारा. वसई १९९८ मध्ये वेगळा धर्मप्रांत झाला आणि मराठीत सहज बोलणाऱ्या घरांतला मोठा भाग तिकडे गेला. तुमचा मुलगा आईकडून मराठी शिकलाय. हे भांडवल त्याच्या बरोबरीच्या पुष्कळ मुलांकडे नसतं. त्याला मराठी वाचत राहायला सांगा. आजाऱ्याच्या उशाशी बसून त्याच्या भाषेत प्रार्थना म्हणता आली पाहिजे, नाही तर ईशज्ञानातले सगळे मार्क कपाटात ठेवण्यापुरते.

अभ्यासापेक्षा अवघड ती माणूस म्हणून होणारी घडण. चॅपलमध्ये सगळेच शहाणे दिसतात. खरा मुलगा दिसतो तो फुटबॉलच्या मैदानात हरल्यावर, मोरीत भांडी घासायची पाळी आल्यावर, खोलीतल्या, तापाने फणफणलेल्या सोबत्याला पाणी द्यायचं की नाही ते ठरवताना. आम्ही लक्ष ठेवायचो ते तिथे. मानसशास्त्रीय चाचण्याही होतात, आणि व्हायलाच हव्यात. सेमिनरीत दोन वेगळी माणसं असतात, हे आई-वडिलांना सहसा माहीत नसतं. एक रेक्टर (सेमिनरीचे प्रमुख) आणि त्यांचे सहकारी: ते मुलाचं मूल्यमापन करतात आणि बिशपांना कळवतात. दुसरे आध्यात्मिक मार्गदर्शक: त्यांच्याकडे मुलगा मन मोकळं करतो, आणि त्याला ठेवायचं की काढायचं हे ठरवताना त्या मार्गदर्शकांचं मत विचारायलाच कायद्याने बंदी आहे. त्यामुळे मुलगा एका माणसाशी तरी काहीही न लपवता बोलू शकतो. ही सोय मला फार शहाणपणाची वाटते. एखाद्या ऑफिसात मॅनेजर आणि ज्याच्याकडे मॅनेजरबद्दल रडता येईल तो माणूस वेगळे असावेत, तशीच.

माझं स्वतःचं एक निरीक्षण सांगतो, पटलं तर घ्या. ज्या मुलाला झग्याची, धूपाची, व्यासपीठावरच्या माइकची फार ओढ असते त्याच्याबाबत मी सावध असतो. ज्याच्या आईने बाळंतपणातच नवस केलेला असतो त्याच्याबाबत जरा जास्तच. आणि ज्याने आधी एक-दोन वर्षं नोकरी केलीय, लोकलचे धक्के खाल्लेत, पगाराची स्लिप बघितलीय, त्याचं मला बरं वाटतं. काय सोडतोय हे त्याला ठाऊक असतं. तुमचा मुलगा या शेवटच्या गटातला दिसतो.

आता पैसे. आधी त्याने कुठे जायचं ठरवलंय ते विचारा, कारण दोन रस्ते आहेत. माझ्यासारखे धर्मप्रांताचे धर्मगुरू ब्रह्मचर्य पत्करतात आणि बिशपांच्या आज्ञेत राहण्याचं वचन देतात. जेझुइट, किंवा नेरूळला डॉन बॉस्को शाळा चालवणारे सॅलेशियन, हे धर्मसंघांचे (संन्यासी मंडळांचे) लोक. ते गरिबी, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन अशी तीन व्रतं घेतात, आणि जे काही कमावतात ते संघाचं. त्यांचं शिक्षणही बहुतेक वेळा जास्त लांबतं, आणि बदली कोकणात होईल की आफ्रिकेत ते सांगता येत नाही. आम्हा धर्मप्रांतवाल्यांना गरिबीचं व्रत नसतं, साधेपणाची अपेक्षा असते. दर महिन्याला जो हातखर्च मिळतो तो आयटीतल्या फ्रेशरलाही हसू येईल इतका. राहणं, जेवण, औषधपाणी धर्मग्रामाकडून नाही तर धर्मप्रांताकडून. लोक मिस्सेसाठी दान देतात, पण दिवसात तीन मिस्सा केल्या तरी त्यातलं एकाच मिस्सेचं स्वतःकडे ठेवायचं, बाकीचं बिशप सांगतील त्या कामाला. आणि दर रविवारी धर्मग्रामातल्या लोकांसाठी जी मिस्सा पॅरिश प्रिस्टने करायची असते तिचे पैसे घ्यायचेच नाहीत.

पण आमच्या नावावर मालमत्ता असू शकते. वडिलोपार्जित घरात त्याचा वाटा राहतो, तो वारस राहतो, बँकेत खातं असतं. तुमच्या आजारपणात तो तुमच्यासाठी पैसे खर्चू शकतो, रजा काढून शुश्रूषेला येऊ शकतो. पॅरिश प्रिस्टला वर्षाकाठी महिनाभर सुट्टी कायद्यानेच मिळते. एकुलत्या एका मुलाच्या म्हाताऱ्या आई-वडिलांचा प्रश्न बिशपांपुढे नवा नाही. आई अंथरुणाला खिळलेली असली तर फादरला जवळच्या धर्मग्रामात ठेवल्याची उदाहरणं माझ्या ओळखीत आहेत. हमी मात्र कुणी देणार नाही, आणि मीही देत नाही. तुमची पेन्शन, मेडिक्लेम, घराची कागदपत्रं आत्ताच नीट लावून ठेवा. मुलगा दुबईला किंवा टोरांटोला गेला असता तरी तुम्हाला हेच करावं लागलं असतं, आणि तुमच्या सोसायटीत अशी घरं किती आहेत ते तुम्हीच मोजा.

‘फादर आठवडाभर करतात काय’ हा प्रश्न मला रिक्षावाल्यापासून सीएपर्यंत सगळ्यांनी विचारलाय, तेव्हा जरा सविस्तर सांगतो.

सकाळची मिस्सा, तिच्याआधी आणि दिवसभरात वेळेवेळेला म्हणायच्या प्रार्थना. त्या आम्हाला बंधनकारक आहेत, मग लोकलमध्ये उभं राहून मोबाइलवर का म्हणेनात. मग ऑफिस. ऑफिस म्हणजे दाखले. कॅनडाला निघालेल्या कुणाला बापतिस्म्याचा दाखला हवा असतो, कुणाला आजोबांच्या नावाचं स्पेलिंग बदलून हवं असतं. आमच्या बापतिस्म्याच्या रजिस्टरात प्रत्येक नोंदीशेजारी समास सोडलेला असतो. माणसाचं दृढीकरण झालं, लग्न झालं, की ते जिथे झालं तिथून बापतिस्म्याच्या चर्चला कळवायचं आणि तिथल्या फादरने त्या समासात लिहायचं. गुरुदीक्षेचीही नोंद तिथेच होते. म्हणजे उद्या कुणी गुपचूप दुसरं लग्न करायला आला, तर पहिलं त्या समासात बसलेलं असतं. बायोमेट्रिक नव्हतं तेव्हापासून ही पद्धत चालू आहे आणि तिने पुष्कळ मुलींना वाचवलंय.

लग्नाचं काम सगळ्यांत वेळखाऊ. वर आणि वधू दोघांना वेगवेगळं बसवून प्रश्न विचारायचे: तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का, आधी लग्न झालंय का, मुलं हवी आहेत का. छापील प्रश्न असतात, उत्तरं खाली लिहून सही घ्यायची. ‘दबाव आहे का’ या प्रश्नाला एखादी मुलगी ‘नाही’ म्हणायला दोन सेकंद जास्त लावते. तिथे पेन खाली ठेवायचं आणि बाहेर बसलेल्या तिच्या वडिलांना चहा पाठवायला सांगायचं. हे कुठल्याच वर्गात शिकवत नाहीत. वसई-ठाण्याकडच्या लग्नात उंबराचं पाणी, बँडबाजा, सगळी धमाल असते, फादरला जेवायचा आग्रह असतो. पण त्या दोन सेकंदांसाठी आम्ही तिथे असतो, असं माझं मत.

संध्याकाळी घरभेटी, छोट्या ख्रिस्ती समूहांच्या बैठका, गायनवृंदातली भांडणं, कॅटेकिझमच्या (मुलांच्या धर्मशिक्षणाच्या) शिक्षकांची मीटिंग. मधेच हिशोब. धर्मग्रामाचा ट्रस्ट असतो, ऑडिट होतं, धर्मादाय आयुक्तांकडे कागद जातात. नवी मुंबईत तर फादरला सिडको, लीज डीड, एफएसआय हे शब्द बायबलइतके पाठ होतात. वाशीच्या पुढे वस्ती वाढत गेली तशी कित्येक ठिकाणी मिस्सा आधी कुणाच्या तरी घरात, शाळेच्या हॉलमध्ये व्हायची. प्लॉट मिळणं, पैसे जमणं, देऊळ (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो) उभं राहणं हे नंतरचं. ईशज्ञानात डॉक्टरेट केलेला माणूस दुपारच्या उन्हात स्लॅबचं सेंटरिंग बघत उभा असतो.

शनिवारी संध्याकाळी पापनिवेदन (कन्फेशन) ऐकायचं. नाताळ आणि ईस्टरच्या आधी रांगा लागतात. तिथे ऐकलेलं कधीही, कुणालाही, कोर्टातसुद्धा सांगायचं नाही. मोडलं तर चर्चमधून बहिष्काराची शिक्षा आपोआप लागू होते. तुमच्या मुलाला हे ओझं वाटेल का, असं तुम्ही विचाराल. वाटतं तितकं वाटत नाही. बहुतेक पापं कंटाळवाणी असतात.

आणि रात्रीचे फोन. हे जरा जवळून दाखवतो, कारण या नोकरीत (नोकरीच म्हणू) काय असतं ते इथे कळतं. घोडबंदर रोडच्या एका हॉस्पिटलमधून दोन वाजता मुलीचा फोन, ‘फादर, पप्पांना ऑइल द्यायला याल का?’ म्हणजे आजाऱ्याला पवित्र तेल लावायचा संस्कार. स्कूटर काढायची, खिशात तेलाची डबी. बोटाच्या पेराएवढी धातूची डबी, आत तेलात भिजवलेला कापूस. हे तेल वर्षातून एकदा पवित्र आठवड्यात बिशप आशीर्वादित करतात आणि तिथून सगळ्या चर्चना जातं. आयसीयूच्या दारात चपला काढायच्या, गाउन, मास्क. नर्स म्हणते, ‘दोनच मिनिटं हं, फादर.’ आधी माणसाच्या डोक्यावर शांतपणे हात ठेवायचा. मग अंगठ्याने कपाळावर तेलाचा क्रूस, मग दोन्ही तळहातांवर. एका हाताला सलाइन आणि पट्टी, तळवा दिसतच नव्हता. पट्टीतून बाहेर आलेल्या बोटांना लावलं. आवाज जरा चढवून म्हणायचं, कारण बेशुद्ध माणसाला ऐकू येत असतं असं डॉक्टरच सांगतात. मुलगी पुरती गोंधळलेली, तिला ‘आमच्या स्वर्गीय बापा’ची ओळ आठवेना, शेजारच्या खाटेजवळच्या एका मुसलमान बाईंनी तिचा हात धरला. दोन मिनिटांची पाच झाली, नर्स काही बोलली नाही. बाहेर आल्यावर मुलगी विचारते, ‘फादर, पार्किंगचे किती झाले?’ दुःखात माणसं असलंच काहीतरी विचारतात. साडेतीनला परत, सहा वाजता मिस्सा.

जमलं तर तुरुंगातही जातो. ठाण्याचं मध्यवर्ती कारागृह जुन्या किल्ल्यातच आहे. परवानगी काढून सिस्टरांबरोबर, स्वयंसेवकांबरोबर जायचं, कैद्यांशी बोलायचं, घरचा निरोप पोचवायचा. तिथे धर्म विचारून बोलत नाहीत.

आता ज्याबद्दल फादर सहसा लिहीत नाहीत ते. ब्रह्मचर्याचा त्रास होतो का? होतो. पण लोक समजतात त्या जागी तितका नाही. चाळिशीत होतो, जेव्हा वर्गमित्रांची मुलं दहावीला बसतात. रविवारी होतो: सकाळपासून हजारएक माणसांशी हात मिळवून रात्री साडेनऊला जेवायला बसावं तर टेबलावर झाकून ठेवलेलं ताट आणि सोबतचे फादर दुसऱ्या कुठल्या वस्तीत मिस्सेला गेलेले. काहींनी त्या वेळी बाटली जवळ केली, काहींनी मोबाइल, काहींनी सत्ता. जे टिकले त्यांना मित्र होते, फादर मित्र आणि संसारी मित्र, दोन्ही. मुलाला मित्र आहेत का, ते घरी येतात का, तो भांडून पुन्हा बोलायला लागतो का, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असेल. नसतील, तर त्याच्या प्रार्थनेपेक्षा मला या गोष्टीची जास्त काळजी वाटेल.

बदलीचंही तसंच. काही वर्षं झाली की पत्र येतं. ज्या पोरांना बापतिस्मा दिला त्यांची पहिली कोमुन्याव (पहिला ख्रिस्तप्रसाद) दुसराच कुणी करवतो. दीक्षेच्या वेळी बिशपांच्या हातात हात देऊन ‘तुमच्या आणि तुमच्यानंतर येणाऱ्यांच्या आज्ञेत राहीन’ असं म्हटलेलं असतं. ते वाक्य त्या दिवशी फुलांच्या वासात सोपं जातं. मला विचाराल तर ब्रह्मचर्यापेक्षा हेच जड. आपण उभं केलेलं काम नव्या फादरने दोन महिन्यांत बंद केलेलं बघायचं आणि गप्प राहायचं. तुमचा मुलगा हट्टी असेल तर त्याची खरी परीक्षा इथे आहे.

मुलांच्या सुरक्षिततेचा विषय तुम्ही काढला नाहीत, पण तुमच्या माहेरच्यांनी काढला असेल, आणि योग्यच केलं. चर्चमध्ये जगभर लहान मुलांवर अत्याचार झाले आणि ते झाकले गेले, हे खरं आहे. आता पॉक्सो कायदा २०१२ चा आहे, त्यात माहिती असून पोलिसांना न कळवणं हाही गुन्हा. फादरलाही त्यातून सूट नाही. २०१९ मध्ये पोपनीही तक्रार वर कळवणं धर्मगुरूंवर बंधनकारक केलं. सेमिनरीत मुलांशी कसं वागायचं, बंद खोलीत एकटं बसायचं नाही, हे आता स्पष्ट शिकवलं जातं. आमच्या वेळी नव्हतं.

राहिले तुमचे यजमान. तुम्हाला वाटतंय की ते रागावलेत. असतीलही. पण एक लक्षात घ्या: तुम्हाला फादरांचं आयुष्य लांबून माहीत आहे, त्यांना जवळून. ते देवळाच्या आवारात वाढले, वेदीवर सेवक म्हणून उभे राहिले असतील, एखाद्या फादरला खचताना पाहिलं असेल, एखाद्याला म्हातारपणी एकटा पाहिलं असेल. त्यांची भीती अज्ञानातली नाही. शिवाय एकुलता मुलगा म्हणजे घराचं आडनाव इथेच थांबतं. जुन्या वाडीतल्या, आगेऱ्याला (पिकाच्या सणाला) मळ्यातली पहिली कणसं देवळात नेणाऱ्या घराण्याला ते लागतं, आणि ते बोलून दाखवायला त्यांना लाज वाटत असेल. मुलाने त्यांना पटवायच्या भानगडीत पडू नये. त्याने एवढंच विचारावं, ‘डॅडी, तुम्ही पाहिलेले फादर कसे होते?’ आणि मग मधे न बोलता ऐकावं. त्यातून निघेल ते सेमिनरीच्या पहिल्या वर्षात शिकवतात त्यापेक्षा जास्त असेल.

पुढचं काम असं. नोकरी आत्ता सोडू देऊ नका. आधी त्याने आपल्या पॅरिश प्रिस्टना भेटावं. ते धर्मप्रांतात नव्या मुलांची चौकशी करणाऱ्या फादरांशी गाठ घालून देतील. मग काही महिने महिन्यातून एकदा भेट, एखादं दोन-तीन दिवसांचं शिबिर, जिथे मुलं सेमिनरीत राहून बघतात. त्यानंतर ते फादर तुमच्या घरी येतील. चहा घेतील, गप्पा मारतील, आणि खरं तर तुम्हा दोघांना बघायला आलेले असतील. तेव्हा यजमान घरी असतील अशीच वेळ द्या, आणि तुमच्या मनातली शंका यजमानांसमोरच विचारा. देवघर आवरून ठेवायची गरज नाही. अर्जाबरोबर पॅरिश प्रिस्टचं पत्र, डॉक्टरी तपासणी, मार्कशीट आणि बापतिस्म्याचा नव्याने काढलेला दाखला लागतो. घरात लॅमिनेट करून ठेवलेला जुना चालत नाही, कारण त्या समासात मधल्या काळात काही लिहिलं गेलंय का ते त्यांना बघायचं असतं. ज्या चर्चमध्ये बापतिस्मा झाला तिथेच तो मिळतो, ऑफिसच्या वेळेत. आणि सोमवारी बऱ्याच ठिकाणी ऑफिस बंद असतं, तेव्हा फोन करून जा.